आयबोल्ट आणि होइस्ट रिंग वापरताना या चुका टाळा

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये होतो तेव्हाची गोष्ट, साधारण 600 किलोचा मोल्ड, वर दोन एम 12 चे (12 मिमी जाडीचे) आयबोल्ट, म्हणजे डोक्यावर उचलायला गोल डोळा असलेले बोल्ट, त्यांना स्लिंग (उचलायचा पट्टा किंवा दोर) लावली आणि क्रेनवाल्याला हात केला. मोल्ड जेमतेम वीतभर उचलला गेला आणि एक आयबोल्ट डोळ्यांदेखत कलला. तुटला नाही हे नशीब. आमचा हिशोब सोपा होता, एम 12 ला 340 किलो चालतात, दोन लावले म्हणजे 680, मग 600 ला काय प्रॉब्लेम?

प्रॉब्लेम असा की ते 340 सरळ वर खेचलं तरच. डिन 580 (जर्मन स्टँडर्ड) चा एम 12 दोन स्लिंगने 45 अंशात लावला की एकावर फक्त 240 किलो वजन धरायचं, म्हणजे दोन मिळून 480. वर स्लिंगमधला ताणही वाढतो ते वेगळंच, 600 किलोचा माल 45 अंशात उचलला की एकेका स्लिंगवर 300 नाही तर 424 किलो येतात, आणि स्लिंग आखूड पडली म्हणून आडव्यापासून 30 अंशावर गेली की एकेकीवर पूर्ण 600! अमेरिकन पद्धतीचे आयबोल्ट असतील तर त्यांचे कॅटलॉग अजून कडक, कॉलरवाल्याला (डोळ्याखाली रुंद गोल कडा असलेल्याला) 45 अंशात सरळ लोडच्या 30 टक्केच देतात. म्हणून तुमच्या हातात जो पीस आहे त्याचाच चार्ट बघा, शेजारच्या शॉपमधला पाठ केलेला आकडा नको. आणि बिनकॉलरचा आयबोल्ट असेल तर तिरकं खेचायचंच नाही, तो फक्त सरळ उचलायला.

आता कॉलर. ती जॉबला (उचलायच्या मालाला) पूर्ण टेकलीच पाहिजे. खाली फट राहिली की तिरक्या ओढीत सगळा वाक आट्यांवर येतो आणि बोल्ट तिथेच मोडतो. पण गंमत अशी की पूर्ण आवळल्यावर डोळा नेमका आडवा येतो, स्लिंगच्या दिशेत बसत नाही, मग आपले लोक काय करतात तर अर्धा फेरा उलटा सोडतात. तेच करायचं नाही! कॉलरखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला आणि डोळा ओढीच्या रेषेत येईल असं आवळा.

एकच स्लिंग दोन्ही डोळ्यांतून ओवून हुकला अडकवणं हे तर रोज दिसतं, कारण झटपट होतं. त्यात दोन्ही आयबोल्ट एकमेकांकडे आत खेचले जातात. प्रत्येकाला वेगळी स्लिंग आणि शॅकल (यू आकाराची कडी) लावा.

आट्यांचा घोळ जुन्या मशीनवर हमखास होतो. 5/8 इंची बोल्ट 15.875 मिमीचा, एम 16 च्या भोकात दोन-तीन आटे आरामात जातो, मग अडकतो, आणि हेल्पर म्हणतो ‘बसला साहेब’. बसला नाहीये, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा आहे. हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर पाना लावून दामटू नका, आधी पिच गेज लावा. आटे किती आत जायला हवेत तर स्टीलमध्ये साधारण बोल्टच्या जाडीच्या दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट.

हे सगळं नको असेल आणि जॉब पलटवायचाच असेल तर स्विव्हल होइस्ट रिंग (बोल्टवर सगळीकडे फिरणारी उचलायची कडी) घ्या. महाग आहे, पण 360 अंश फिरते, 180 अंश कलते, आणि तिरक्या ओढीत तिचं रेटिंग आयबोल्टसारखं कोसळत नाही (स्लिंगचा वाढलेला ताण मात्र तिलाही मोजायचाच). फक्त तिचे नियम उलटे आहेत: खाली शिम-वॉशर काही नाही, बुश (रिंगच्या तळाचा गोल भाग) सपाट टेकलेलं हवं, आणि रिंगवर लिहिलेला टॉर्क (आवळायचा जोर) टॉर्क रेंचनेच द्यायचा, अंदाजाने पाना मारून नाही. लोड न देता हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर आत कचरा आहे का बघा, साफ करूनही अडखळली तर बाजूला काढा. आणि नवीन लावल्यावर पहिल्या काही लिफ्टनंतर टॉर्क परत चेक करा, सैल होतो.

मोटरवरचा आयबोल्ट मोटरपुरताच असतो बरं का. तिला गिअरबॉक्स जोडून अख्खा सेट त्याच एका डोळ्याने उचलणारे बघितलेत मी, आणि तेही अनुभवी फिटर.

कारखाना कायदा 1948 च्या कलम 29 प्रमाणे उचलायच्या सामानाची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागायची (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), पण वाकलेला आयबोल्ट ओळखायला वर्षभर थांबायची गरज नाही. डोळा लांबट झालाय, आटे झिजलेत, कुणीतरी वेल्डिंग मारलंय, लगेच बाद. गरम करून सरळ तर अजिबात करू नका. आणि बाद केलेला नुसता भंगारात टाकू नका, ग्राइंडरने डोळा कापा, आमचा तो वाकलेला एम 12 दोन महिन्यांनी सेकंड शिफ्टच्या एका पोराने डब्यातून शोधून परत लावला होता.