युजर नव्या सर्व्हरवर नेण्याआधी शेल तपासा

सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि आम्ही आमचे युजर डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर हलवले. सोमवारी सकाळीच एका मॅडमचा फोन आला, "पासवर्ड घेत नाहीये." मी तो तीनदा बदलून दिला. पासवर्डात काहीच खोट नव्हती. त्यांचं शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर कमांड घेणारा प्रोग्रॅम, होतं कॉर्न, आणि नव्या मशीनवर ते टाकलेलंच नव्हतं. अशा युजरला एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय, आत घेत नाही आणि कारणही सांगत नाही. पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतं आणि शेवटी नकार देतं. म्हणून आता माझी तयारी शेलपासून सुरू होते.

जुना सर्व्हर चालू असतानाच ईटीसी फोल्डरमधली पासडब्ल्यूडी ही युजरांच्या यादीची फाइल उघडा. प्रत्येक ओळीत कोलनने तोडलेले सात रकाने असतात, त्यातला शेवटचा शेलचा. तेवढाच कट कमांडने वेगळा घ्या, सॉर्ट करा आणि युनिक कमांडकडून मोजून घ्या. युजर एलडॅपमधून, म्हणजे खात्यांच्या सामाईक डिरेक्टरीतून, येत असतील तर फाइल पुरत नाही, गेटएंट कमांड वापरा. कॉर्न, झेडएसएच, टीसीएसएच, जी जी नावं निघतील ती पॅकेजेस युजर हलवण्याआधीच नव्या मशीनवर टाका. मग ईटीसीमधल्या शेल्स फाइलीत प्रत्येकाचा पाथ आहे ना, तेही बघा. तिथे नसला तरी एसएसएच चालेल, पण युजरला स्वतःचं शेल बदलता येणार नाही आणि काही एफटीपी सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतील.

खाती बनवताना सेंटओएसची सवय नडते. तिथे नुसतं यूजरअ‍ॅड चालवलं तरी होम, म्हणजे युजरचं स्वतःचं फोल्डर, तयार होतं आणि बॅश हे शेल मिळतं. डेबियनवर त्याच कमांडने होम बनत नाही आणि शेल लागतं एसएच, म्हणजे डॅश हे साधं शेल. माणूस आत येतो, पण समोर फक्त डॉलरचं चिन्ह. मागची कमांड आणायला वरचा बाण दाबला की पडद्यावर कंसांची विचित्र अक्षरं उमटतात. टॅब दाबून फाइलचं नाव पुरं होत नाही. वर्षानुवर्षं जमवलेली बॅश प्रोफाइल वाचलीच जात नाही. सर्व्हर बिघडलाय असं त्याला वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तेव्हा शेल आणि होम दोन्ही कमांडमध्ये लिहूनच खातं बनवा.

यूआयडी, म्हणजे प्रत्येक खात्याचा आकडा, जुळवून घ्या. सेंटओएस ६ च्या काळातल्या खात्यांचे आकडे ५०० पासून सुरू होतात. डेबियन १००० च्या खालचे आकडे सिस्टिमसाठी ठेवतं, त्यामुळे टक्कर होऊ शकते. कॉपी झाल्यावर होमवर एलएस -एल ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड मारा. मालकाच्या जागी नावाऐवजी आकडा दिसला तर चाउन, म्हणजे मालक बदलणं, राहिलंय. बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत जुन्या मशीनचे पाथ ग्रेपने शोधा.

चाचणीच्या वेळी रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं, एक सेशन उघडं ठेवा, काहीही झालं तरी बंद करू नका. प्रत्येक शेलचा एकेक युजर निवडून आधी एसयूने, म्हणजे त्याच मशीनवर खातं बदलणाऱ्या कमांडने, आत जा, मग दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने. शेल नसेल तर एसयू 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं तोंडावर सांगतं. एसएसएचचं कारण लॉगमध्ये असतं. डेबियन १२ मध्ये लॉगच्या फाइली लिहिणारं आरसिसलॉग आपोआप येत नाही, त्यामुळे ऑथ लॉग ही लॉगिनची फाइल शोधत बसू नका, लॉग दाखवणारी जर्नलसीटीएल कमांड चालवा. अमुक युजरला परवानगी नाही कारण शेल अस्तित्वात नाही, इतकं सरळ तिथे लिहिलेलं असतं. मला ती ओळ तिसरा पासवर्ड देऊन झाल्यावर दिसली. मॅडमची अख्खी सकाळ त्यात गेली होती.

आदल्या दिवशी सगळ्यांना मेल करा. होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी की, बदलली असेल तर पहिल्या लॉगिनला मोठा इशारा येतो आणि लोक घाबरतात, म्हणून नव्या कीचं फिंगरप्रिंट त्याच मेलमध्ये द्या. आणि सोमवारी सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी जागेवर या.