नकाशाने शेतात नेऊ नये म्हणून

सातारा ते पंढरपूर असं थेट टाकलं, की मोबाइलचा नकाशा कधीकधी पाच मिनिटं वाचवायला कुठल्यातरी वाडीतून नेतो. रात्री तर नकोच ते.

उपाय सोपा. वाटेतली गावं क्रमाने थांबे म्हणून टाका: कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. नुसतं गावाचं नाव टाकू नका, 'एसटी स्टँड' जोडा. स्टँड बहुधा मुख्य रस्त्यालाच असतो, नुसत्या नावाने गल्लीत शिरायला होतं.

शंका आली तर किलोमीटरचा दगड बघा. हिरवा माथा राज्य महामार्गाचा, पिवळा राष्ट्रीय.

मार्गशीर्षात मात्र आधी चौकशी करा. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो त्या दिवशी गाडी गावातून निघणं कठीण.