जुना पीसी बंद पडला की आधी फॉरमॅट मारू नका

यवतमाळकडे खेड्यापाड्यातल्या ऑफिसांचे पीसी दुरुस्त करतो, दहा-बारा वर्षं जुने. सगळ्यात जास्त नुकसान घाईत मारलेल्या फॉरमॅटनं होतं. पीसी हँग झाला, निळी स्क्रीन आली की "विंडोज उडालं" म्हणायचं अन् पेनड्राइव्ह लावायचा. बिघाड हार्डवेअरचा असला तर विंडोज दहादा टाका, काही फरक पडत नाही, उलट सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर ठेवलेले दाखले-रजिस्टर पुसले जातात.

मागच्या मे महिन्यात एका ऑफिसातून फोन आला, "भाऊ, पीसी पाच मिनिटात बंद होऊन रायला." दोनदा विंडोज टाकून झालं होतं. बाहेर 45 डिग्री ऊन, बाजूलाच कापसाची जिनिंग. झाकण काढलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांत कापसाचे तंतू अन् धूळ मिळून गादीसारखा थर, पंखा फिरत होता पण वारा आत जायला जागाच नाही, अन् खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला देणारा लेप, खडूसारखी कोरडी. साफ केलं, नवी पेस्ट लावली, संध्याकाळपर्यंत पीसी चालूच होता. ब्लोअर मारताना पंखा मात्र बोटानं धरून ठेवा, भरधाव फिरवला तर बेअरिंग जातं.

रोज सकाळी तारीख मागं जाते अन् साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते, तेव्हा नेटवाल्याला फोन करू नका. मदरबोर्डवरचा, पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल, 3 व्होल्टचा, उतरलेला असतो. आपल्याकडं रात्री मेन स्विच बंद करून जातात, म्हणून तो आणखी लवकर संपतो.

डिस्प्ले नाही अन् बीप वाजते, तर बहुतेक वेळा रॅम असते. वायर काढा, पॉवर बटण थोडं दाबून धरा, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकेच पुसा. सँडपेपर नको, मुलामाच निघून जातो.

"पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला" ही चूक तर मेकॅनिकपण करतात. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, अन् पंखा कमी व्होल्टेजवरही फिरतो. लोडवर, म्हणजे पीसी काम करत असताना, 12 व्होल्टची लाइन 11.4 व्होल्टच्या खाली नको, नाहीतर दुसरा एसएमपीएस लावून पाहा. एसएमपीएस उघडू मात्र नका, वायर काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमधे करंट राहतो. अन् कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग पाहा, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकून जातो, त्यात पाणी टाकावं लागतं.

डिस्कमधून टकटक आवाज येतो? मग लगेच बंद करा, चालू-बंद करत बसू नका. आवाज नाही पण क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं दाखवतं, तर त्याच दिवशी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्यात फक्त सीआरसी एररचा, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर कॉपी झाल्यावर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून पाहा. बहुतेकदा डिस्क चांगली असते, केबलच ढिली झालेली असते.