सोनी ए६००० सेकंडहँड घेतलात? आधी एवढी सेटिंग्ज लावा

२०१४ साली आलेला सोनीचा ए६००० हा कॅमेरा सेकंडहँड बाजारात अजूनही विचारला जातो. बॅटरी आणि कार्डासकट वजन ३४४ ग्रॅम, पण आत २४.३ मेगापिक्सेलचा एपीएस-सी मापाचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती). बऱ्याच डीएसएलआरमध्येही याच मापाचा असतो. या कॅमेऱ्याची खरी ताकद फोकस आणि वेगात आहे, आणि ऑटोवर ठेवला तर ती निम्मीही दिसत नाही.

पहिलं काम बॅटरीचं. कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जिंगवर स्क्रीन पाहून ३६० आणि व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) ३१० फोटो निघतात. मेन्यूत जाऊन ‘एअरप्लेन मोड’ चालू करा, म्हणजे वाय-फाय बंद राहील, आणि ‘प्री-एएफ’ बंद करा. प्री-एएफ चालू असलं की शटर दाबण्याआधीच लेन्स सारखी फोकस शोधत बसते. चार्जिंग मायक्रो-यूएसबीने कॅमेऱ्यातच होतं, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा अडकतो. तेव्हा एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी एक जास्तीची घ्या, आणि जमल्यास वेगळा चार्जरही.

मग ‘क्वालिटी’मध्ये ‘रॉ अँड जेपेग’ निवडा, म्हणजे कच्ची फाइल (रॉ) आणि तयार फोटो (जेपेग) दोन्ही साठतील. सोबत मिळणाऱ्या १६-५० मिमी झूम लेन्सचा १६ मिमीला (सर्वात रुंद दृश्यावर) काढलेला फोटो रॉमध्ये कडांना चांगलाच फुगलेला दिसतो. घाबरू नका, लेन्स खराब नाही. जेपेगमध्ये कॅमेरा ते आपोआप सरळ करतो. रॉमध्ये ते काम सॉफ्टवेअरला करावं लागतं.

आता फोकस, आणि इथे घाई नको. सेन्सरवर १७९ फेज-डिटेक्शन बिंदू (झटकन फोकस साधणारे) आहेत, चौकटीच्या जवळजवळ काठापर्यंत पसरलेले. स्थिर वस्तूसाठी एएफ-एस (एकदा फोकस करून थांबणारा मोड) ठेवा आणि फोकस एरिया ‘फ्लेक्झिबल स्पॉट’ (तुम्ही निवडाल ती छोटी जागा) करा. ‘वाइड’ ठेवलं तर कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पकडतो. मग माणूस धूसर आणि समोरची फांदी लख्ख. धावणारं मूल, उडणारा बगळा, सायकलस्वार यांच्यासाठी एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड) आणि ‘झोन’ (चौकटीचा निवडलेला भाग). सोबत ड्राइव्ह मोड ‘हाय’ केलात की सेकंदाला ११ फोटो मिळतात. पण बोट दाबून धरू नका. रॉमध्ये विसेक फोटोंनंतर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि ते कार्डावर उतरेपर्यंत नेमका क्षण निघून जातो.

डोळ्यावर फोकस करणारं ‘आय एएफ’ही यात आहे, मात्र ते आपणहून चालू होत नाही. ‘कस्टम की सेटिंग्ज’मध्ये जाऊन ते एखाद्या बटणाला जोडा आणि पोर्ट्रेट काढताना ते बटण दाबून धरा. अनेकांच्या कॅमेऱ्यात ते वर्षानुवर्षं नुसतंच पडून असतं!

शटर स्पीडकडे मात्र तुम्हालाच लक्ष द्यावं लागेल. बॉडीमध्ये स्टॅबिलायझेशन (हातातला कंप सावरणारी सोय) नाही, १६-५० लेन्समध्ये आहे. त्याने हाताचा कंप सावरतो, समोरच्याची हालचाल थांबत नाही. शिवाय ‘ए’ मोडमध्ये (यात शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता आपोआप, असेल तर घरातल्या उजेडात कॅमेरा १/६० सेकंदावर जाऊन बसतो आणि किमान शटर ठरवून द्यायची सोय या मॉडेलमध्ये नाही. म्हणून माणसं हलती असतील तर डायल ‘एस’वर आणा, म्हणजे शटर स्पीड तुम्हीच ठरवाल: गप्पा मारणाऱ्यांना १/१२५, नाचणाऱ्यांना १/५००. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० ठेवा. कॅमेरा २५६०० पर्यंत जातो, पण तिथले फोटो दाखवण्यासारखे नसतात. लग्नाच्या हॉलमध्ये मी ६४०० चालवून घेतो. दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा.

व्हिडिओसाठी एक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर व्हिडिओ मोड ‘एम’ (मॅन्युअल) करून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. अमेरिकेतून कुणी आणून दिलेल्या कॅमेऱ्यात पाल-एनटीएससी (५० आणि ६० हर्ट्झच्या देशांतल्या व्हिडिओ पद्धती) बदलण्याचा पर्यायच नसतो, त्यात १/१०० धरून चला. बाहेरचा माइक लावायला भोक नाही, त्यामुळे आवाज महत्त्वाचा असेल तर तो मोबाइलवर वेगळा रेकॉर्ड करा आणि एडिट करताना जोडा.