मे महिन्यात गावी जाऊन पडलेली झाडं तोडताय, नदीवर गळ टाकताय? या चुका टाळा

मे संपताना वळवाच्या वाऱ्यात वाडीत एक-दोन झाडं आडवी होतातच, आणि त्याच शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी पोराबाळांसकट गावी येतात, मग सकाळी झाडं तोडू आणि दुपारी नदीवर जाऊ असं ठरतं. आमच्या चिपळूणच्या वरच्या अंगाला, पोफळी-शिरगावच्या बाजूला हे दरवर्षीचं. मजा येतेच, पण चुकाही त्याच त्याच होतात.

घाईघाईत कटर (चेनसॉ) चालू करणं

पडलेलं खोड शांत दिसतं पण त्यात प्रचंड ताण असतो, म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फिरून ते कशाकशावर टेकलंय ते बघा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे पोकळी असेल तर वरच्या बाजूला दाब असतो, तिथे वरून सरळ कापत गेलात की काप मिटतो आणि कटरची पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) आत अडकून बसते. अशा वेळी वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून. एक टोक हवेत असेल तर बरोबर उलटं. पट्टी अडकलीच तर मशीन बंद करा आणि पाचर ठोकून काप उघडा, चालू मशीन हिसकत बसू नका. भुशाऐवजी पिठासारखं बारीक पडायला लागलं म्हणजे चेन बोथट झाली, जोर लावत बसू नका, चेनला कानस मारा. आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, मशीन उसळून थेट तोंडावर येतं.

मुळांच्या खड्ड्यात पोरं

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मुळासकट उपटलेलं झाड असतं ना, त्याचा मातीचा गड्डा भिंतीसारखा उभा राहतो आणि खाली छान खड्डा होतो, पोरांना तो लपायला आवडतो. खोडाच्या वजनाने तो गड्डा उभा असतो. तुम्ही खोड कापून वेगळं केलंत की वजन गेलं, आणि अख्खा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. म्हणून कापण्याआधी तो खड्डा स्वतः डोळ्यांनी बघायचा, आणि मशीन चालू असेपर्यंत पोरांना घरी आजीजवळ बसवायचं, अंगणात पण नको.

झाड तारेवर पडलं असेल तर हात लावू नका, १९१२ ला फोन करा आणि महावितरणची माणसं येईपर्यंत थांबा. ओंडका उचलताना आधी काठीने हलवून बघा, खाली फुरसं किंवा घोणस असू शकते.

अजून एक, झाड आपल्या जागेत असलं तरी साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आधी फोटो काढा, वनखात्याला कळवा, मगच तोडा.

पाऊस नाही म्हणजे नदी सेफ, असं समजणं

कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे आमच्या वाशिष्ठी नदीत येतं, त्यामुळे त्याखालच्या पात्रात आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं. मधल्या खडकावर बसून गळ टाकू नका, काठावरच बसा आणि पाणी गढूळ झालं किंवा काठाचे दगड बुडायला लागले की सामान तिथेच टाकून वर या.

गांडूळ खाऊन मासा पळतोय आणि गळ रिकामाच येतोय? गळ मोठा आहे किंवा गांडूळ खाली लोंबतंय, छोटा गळ लावा आणि छोटा तुकडा ओवा.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला झुंबड उडते, तेव्हा मात्र प्लीज थांबा. ते अंडी घालायला वर चढत असतात, तेव्हाच धरले तर पुढच्या वर्षी ओढ्याला मासा येणार कुठून? महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून लोक मासे धरत नाहीत, म्हणून तिथे केवढाले मासे दिसतात बघा.

गळ बोटात रुतला तर ओढून काढू नका, गळाच्या टोकाच्या उलट्या काट्याने मांस फाटतं. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापा, गळ हलणार नाही असं फडकं गुंडाळा आणि सरळ आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही डॉक्टरांना सांगा.