हॅरोला मुलाकडे जाताय? मग पिनर असं बघा

उन्हाळा लागला की आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातले कितीतरी आजी-आजोबा लंडनच्या हॅरोत असतात. मुलगा-सून पहिल्या शनिवार-रविवारी राजवाडा आणि ते मोठं घड्याळ दाखवून मोकळे होतात. सोमवारपासून ते ऑफिसात आणि आपण खिडकीत. त्या खिडकीतून उठून कुठे जायचं ते सांगते. माझी शिफारस हॅरोजवळच्या पिनरची. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून माझ्या हातात वही असते. तुमच्या हातात मोबाइल असला तरी वांधा नाही, बघायची रीत तीच.

हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी धरा. आधी नॉर्थ हॅरो, मग पिनर. गाडीवर अक्सब्रिज लिहिलं असेल तर सोडून द्या, ती दुसऱ्या फाट्याला जाते. काही जलद गाड्या मधली स्टेशनं गाळतात, तेव्हा पाटी वाचूनच चढा. सकाळी दहाच्या पुढे निघा, तोवर ऑफिसवाले पांगलेले असतात. छत्री घ्या, ऊन असलं तरी.

स्टेशनबाहेर कॉफीची दुकानं, औषधवाला, असलंच सगळं दिसेल आणि वाटेल, एवढ्यासाठी आलो? तिथे रेंगाळू नका. हाय स्ट्रीट गाठा आणि इकडेतिकडे न बघता चढ चढून थेट वरच्या चर्चपाशी जा. चढ बेताचा आहे, गुडघे कुरकुरत नाहीत. बघायचं ते उतरताना. वरून छपरांची अख्खी रांग एका नजरेत येते आणि तिथेच पहिला धडा मिळतो: जुन्या छपराची आढ्याची रेघ मधे दबलेली असते, नव्याची फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ.

चर्च सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, १३२१ साली त्याचा प्रतिष्ठापना-विधी झाला. भिंतीजवळ जाऊन बघा. या भागात घडवायला चांगला दगड नाही, म्हणून चकमकीचे दगड चुन्यात बसवलेत. फुटलेल्या बाजूला काळे, काचेसारखे, कडेला पांढरी साल. कोपऱ्यांना आणि खिडक्यांना मात्र घडीव दगड, कारण चकमकीला धारदार कोपरा काढता येत नाही. चित्र काढणार असाल तर एकेक दगड काढत बसू नका. चार ठिकाणी नीट काढा, बाकी ठिपके. फोटो काढणाऱ्यांनी लांबचा एक काढला की हाताच्या अंतरावरचा एक काढायचाच.

आवारात लाउडन कुटुंबाची समाधी आहे, ती चुकवू नका. उंच, निमुळती होत गेलेली, आणि अर्ध्या उंचीवर दगडी शवपेटी आरपार घुसवलेली, दोन्हीकडून टोकं बाहेर. बागकामावर लिहिणाऱ्या जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आईवडिलांसाठी ती बांधून घेतली. गावातली कथा अशी की ‘जमिनीच्या वर असेपर्यंतच इस्टेट वारसांकडे राहील’ अशी अट होती, म्हणून म्हातारा-म्हातारीला वर टांगलं. प्रत्यक्षात दोघंही खाली जमिनीतच आहेत, पेटी नुसती दाखवायची. मला कथाच जास्त आवडते. इस्टेटीसाठी लोक काय काय करतात ते आपण काय बघितलं नाही?

आता उतरा, आणि नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर ठेवा. आपल्या पोळांत, म्हणजे जुन्या घरांच्या गल्ल्यांत, खाली मोबाइलचं दुकान आलं तरी वरची कोरीव लाकडं जागेवर असतात ना, तसंच इथे. क्वीन्स हेड नावाचा पब आहे, काळी लाकडं आणि पांढरा गिलावा. आत जायला हरकत नाही, चहा-कॉफी मागितली तर कुणी वाकडं बघत नाही. पण आधी बाहेर उभं राहून लाकडांची सवय करून घ्या. खरं जुनं लाकूड सरळ नसतं. झाड जसं वाढलं तशी त्याला बाक असते, दोन खांबांमधलं अंतर सारखं नसतं, आणि सांध्यात खिळ्याऐवजी लाकडी खुंटी दिसते. घराचा भार त्या सांगाड्यावर असतो.

हे डोळ्यांत बसलं की बाजूच्या गल्ल्यांत शिरा. तिथेही काळ्या-पांढऱ्या घरांची रांग लागेल, पण पट्ट्या एकसारख्या, एकसारख्या अंतरावर. ती नक्कल. रेल्वे इथे १८८५ मध्ये आली. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत शेतं विकली गेली आणि ही जोडघरं उभी राहिली. रेल्वे कंपनीने या पट्ट्याला ‘मेट्रोलँड’ नाव देऊन जाहिराती केल्या. पट्ट्या विटांच्या भिंतीवर नुसत्या ठोकलेल्या, भार त्यांच्यावर काडीचा नाही. हसू नका. आपला लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला, तोही चार्ल्स मँट आणि मग चिझम या दोन इंग्रजांनी राजपूत, मुघल सगळं एकत्र करून उभारला. फरक एवढाच, की इथल्यांनी स्वतःच्याच पणजोबांची नक्कल केली. रस्त्यावरून फोटो खुशाल काढा, पण कुणाच्या खिडकीत किंवा शाळकरी मुलांवर कॅमेरा रोखू नका.

नातवंडं बरोबर असतील तर त्यांना टपालपेट्यांवर सोडा. पेटीच्या पुढच्या बाजूला राजा-राणीची अक्षरं ओतलेली असतात. व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया, मग पेटी १९०१ च्या आधीची. जीआर आणि मधे आकडा नाही, तर पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६. मधे रोमन सहा असेल तर त्याचा मुलगा. आठव्या एडवर्डचं राज्य वर्षभरही टिकलं नाही, त्याची पेटी सापडली तर नातवंडांना आइसक्रीम. दुसऱ्या एलिझाबेथच्या मात्र पावलोपावली.

कुत्रा फिरवणारा कुणी ‘मॉर्निंग’ म्हणाला तर ‘मॉर्निंग’ म्हणा आणि चालू लागा. तो मुक्काम कुठे, मुलगा काय करतो, हे विचारणार नाही, आपणही विचारू नये.

जेवणाचा डबा घेऊन पिनर मेमोरियल पार्कमध्ये बसा. तिथे २०१६ साली उघडलेलं हीथ रॉबिन्सन संग्रहालय आहे. हा चित्रकार पिनरमध्ये राहायचा. साध्या कामासाठी दोऱ्या, कप्प्या, चाकं यांची अचाट यंत्रं काढायचा, आणि गंभीर चेहऱ्याची टकली माणसं ती चालवायची. तिकीट आहे, पण हातात पेन्सिल धरणाऱ्याने काढावंच. रेघ कशी असावी ते कळतं.

मुक्काम मेअखेरीचा असेल तर एक तारीख आधीच बघून ठेवा. मेच्या शेवटच्या सोमवारी बँकांची सुट्टी असते, तिच्यानंतरच्या बुधवारी पिनरची जत्रा. तिसऱ्या एडवर्डने १३३६ साली तिची सनद दिली. त्या दिवशी रस्ते बंद करून हाय स्ट्रीटवरच पाळणे, झुले लावतात आणि बस दुसरीकडून वळवतात. चर्चचं चित्र काढायचं असेल तर त्या बुधवारी जाऊ नका. पाळण्यात बसायचं असेल तर संध्याकाळी जा, उजेड नऊपर्यंत असतो, आणि परतीला मेट्रोपॉलिटनच धरा.