पहिल्या गोधडीचा नमुना: चौकोनच का, आणि केवढा

पहिलीच गोधडी करायची म्हटलं की नजर जाते त्रिकोणांच्या चांदण्यांवर, नाहीतर षटकोनी फुलांवर. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येते आणि उरेब कापड हाताच्या नुसत्या ओढीने ताणतं. षटकोनात प्रत्येक कोपऱ्यावर टाका नेमका थांबवावा लागतो. चौकोनाच्या चारही बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर येतात, म्हणून तो नवख्या हाताचंही ऐकतो.

मापही लहान घ्या. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला ६ इंची चौकोन १५० लागतात; अशा कितीतरी गोधड्या अर्ध्यावरच माळ्यावर जातात. ३६ बाय ३६ च्या दुपट्याला ३६ पुरतात, आणि ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) पाठ, म्हणजे मागचं कापड, बिनजोडाची निघते.

एक गडद आणि एक फिका, दोनच रंग, बुद्धिबळाच्या पटासारखे. सुती कापड प्रत्येकी ६० सेंमी, पाठीला सव्वा मीटर. एका रंगाचे चौकोन अठरा, एका पट्टीतून सहा. अर्ध्या मीटरमध्ये ६.५ इंचाच्या तीन पट्ट्या कागदावर बसतात खऱ्या, पण कापड जरा तिरकं कापलेलं असलं किंवा धुतल्यावर आटलं की तिसरी पट्टी गेलीच. कापण्याआधी सगळं धुवा. लाल रंग सुटायचा तो तेव्हाच सुटू दे.

चौकोन ६.५ चा कापायचा. चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, गेली की ६ उरतो. पुठ्ठ्याचा साचा आखून आखून झिजतो, तेव्हा दोन-तीन आधीच करून ठेवा. खरा घोळ मायेत होतो. हात अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत गेला की एका जोडात एक सूत कापड गिळलं जातं. ओळीत जोड पाच, म्हणजे पाच सूत: अर्ध्या इंचाहून जास्त. शेजारची ओळ बरोबर शिवली असेल तर दोन्हींचे कोपरे जुळणार कसे? म्हणून प्रत्येक ओळ टेपने मोजा, ३६.५ भरली पाहिजे. एका ओळीच्या माया उजवीकडे इस्त्री करा, पुढचीच्या डावीकडे. जोड एकमेकांत अडकून बसतात.

आत जुन्या सुती साडीचे दोन थर. सिंथेटिक नको, घसरते. चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला, आळस करू नका. आपल्याकडे धावदोरा बहुधा काठापासून चौकटीत चौकट घालत आत जातो. दिसतो देखणा, पण सुईने ढकललेलं कापड मध्यभागी जमून फुगा येतो. पहिल्या खेपेला मधूनच सुरुवात करा, बाहेरच्या बाजूला सरळ ओळी, दोन बोटांचं अंतर. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता.

पाठ ४० इंच चौरस कापलेली असेल तर भोवती पावणेदोन इंच उरतात. ते दुहेरी घडी घालून पुढे आणा आणि तुरपून टाका. वेगळी पट्टी लागत नाही.